दुखण्याचा हिशेब

अपघात झालेल्या माणसाला भेटायला येणारे लोक कुठलं हाड मोडलं, टाके किती पडले, डॉक्टर कोण, हे सगळं विचारतात. वकील कोण केलात, असं सहसा कुणी विचारत नाही. विचारलंच तर निघताना, दाराशी, आवाज खाली आणून. जखमेचे पैसे मागणं आपल्याला कुठेतरी कमीपणाचं वाटतं. ‘जीव वाचला हेच खूप’ हे वाक्य तर प्रत्येकाच्या तोंडी असतं. ते मायेपोटीच म्हटलं जातं, पण त्यानंतर अंथरुणातल्या माणसाला पुढे काही बोलायची सोय उरत नाही. जीव वाचला, मग गुडघा वाकत नाही याची तक्रार कुणाकडे करायची?

माझ्या मोठ्या भावाच्या बाबतीत हे मी जवळून पाहिलं. दादा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. वळणावर चुकीच्या बाजूने आलेल्या गाडीने त्याच्या दुचाकीला धडक दिली, उजव्या गुडघ्याचा सांधा खिळखिळा झाला, मनगट मोडलं. शस्त्रक्रिया झाली, प्लेट बसली, कुबड्या आल्या. वकील करायचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “नको. लोक म्हणतील, मोडक्या पायाचे पैसे करायला निघालाय.” वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या दिवसांत घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं.

दादाच्या त्या वाक्यावर मी पुढे खूप विचार केला. जुने निकाल वाचले, कोर्टाच्या बाकावर बसून अनोळखी माणसांच्या साक्षी ऐकल्या. माझं मत आता पक्कं आहे. ज्याच्या चुकीने शरीर मोडलं त्याच्याकडे हिशेब मागणं हा जखमी माणसाचा साधा हक्क आहे. तो हिशेब मांडायला त्याला धीर देणं, पानापानाने तो लिहून घेणं, हे चांगल्या वकिलाचं पहिलं काम. कोर्टातला युक्तिवाद त्याच्या नंतर येतो.

ही लाज कुठून येते याचा शोध घेताना अमेरिकेतल्या एका खटल्यापाशी मी बराच काळ थांबलो. गरम कॉफी अंगावर सांडली म्हणून कुणा बाईने लाखो डॉलर उकळले, अशी ती गोष्ट जगभर सांगितली गेली. दाव्यांची चेष्टा करायची असली की आजही तिचंच उदाहरण निघतं. प्रत्यक्षात १९९२ साली न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्क शहरात ७९ वर्षांची एक बाई नातवाच्या उभ्या गाडीत बसून कपाचं झाकण काढत होती. कॉफी मांडीवर सांडली. कॉफी जवळपास ८२ ते ८८ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवलेली होती. सुती कपड्यांनी ती शोषून घेतली आणि त्वचेची पूर्ण जाडी जळाली. बाई आठ दिवस रुग्णालयात होत्या, दुसरीकडची त्वचा काढून तिथे लावावी लागली. त्यांनी कॉफी विकणाऱ्या कंपनीकडे सुरुवातीला मागितले २० हजार डॉलर, तेही उपचार आणि बुडालेल्या कमाईपोटी. कंपनीने देऊ केले ८००.

त्यानंतर त्यांनी वकील केला. कंपनीच्या स्वतःच्या दप्तरातून दहा वर्षांतल्या भाजण्याच्या ७०० हून अधिक तक्रारी बाहेर आल्या. घरी बसलेल्या एकट्या म्हाताऱ्या बाईला त्या फायली कुणी दाखवल्या असत्या? १९९४ मध्ये ज्युरीने २ लाख डॉलरची भरपाई ठरवली, त्यातून बाईंच्या स्वतःच्या २० टक्के चुकीपोटी कपात करून १ लाख ६० हजार दिले, आणि कंपनीला दंड म्हणून वेगळे २७ लाख डॉलर लावले. न्यायाधीशांनी तो दंड ४ लाख ८० हजारांवर आणला. पुढे दोन्ही बाजूंनी आपसात मिटवलं. लोकांच्या लक्षात राहिला तो २७ लाखांचा आकडा. जळालेली त्वचा कुणाच्या लक्षात राहिली नाही, आणि आधी मागितलेले ते २० हजार तर नाहीच. मला या प्रकरणाचा फार राग येतो, कारण दादासारख्या कितीतरी माणसांच्या मनात तेच हसू जाऊन बसलंय आणि ते त्यांना गप्प बसवतं.

कायदा मात्र या मागणीकडे हसून पाहत नाही. १८८० साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, लॉर्ड ब्लॅकबर्न या न्यायाधीशांनी भरपाईचं जे माप सांगितलं तेच आजही अनेक देशांत वापरलं जातं. चूक घडलीच नसती तर माणूस ज्या स्थितीत असता, त्या स्थितीत पैशाने जितकं परत नेता येईल तितकं न्यावं, हे ते माप. तो खटला शरीराच्या दुखापतीचा नव्हताच. एका माणसाच्या जमिनीखालचा कोळसा कंपनीने चुकून काढून नेला, त्याचा होता. कोळशाची किंमत काढता येते. गुडघ्याची कशी काढायची? वकिलाची गरज इथेच सुरू होते.

याहूनही जुना काळ फार निष्ठुर होता. १८०८ साली इंग्लंडमध्ये घोडागाडी उलटून एका माणसाची बायको जखमी झाली आणि महिन्याभराने वारली. माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात तक्रारीची बाब होऊ शकत नाही, असं न्यायाधीश म्हणाले, आणि नवऱ्याला भरपाई मिळाली ती ती जिवंत होती तेवढ्याच दिवसांची. जखमी माणसाचं देणं लागायचं, मेलेल्या माणसाचं नाही. हे १८४६ च्या कायद्याने तिथे बदललं, आणि भारतातही १८५५ साली तसा कायदा आला. आज वारस दावा करतात तेव्हा त्यामागे ही सगळी वाट आहे. कुणाच्या तरी वकिलाने, कुणाच्या तरी विधवेने ती पावलापावलाने पाडली आहे. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा उठून नीट बसला.

वकील निवडायला आम्ही दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी स्वागत उत्तम झालं. दादाचं डिस्चार्ज कार्ड पाहण्याआधीच त्या गृहस्थांनी एक मोठा आकडा सांगितला आणि वकीलपत्र पुढे सरकवलं. दादाचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. त्याला पुन्हा तेच वाटलं असावं, की आपण सौदा करायला आलोय. दुसऱ्या ठिकाणच्या वकीलबाईंनी आकडा सांगितलाच नाही. त्या म्हणाल्या, “सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा. पहिला पाय कुठला टाकता?” दादा गडबडला. असं त्याला कुणीच विचारलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. मग तो सांगत गेला. डावा पाय आधी, मग पलंगाचा कठडा, मग भिंत. बसून अंघोळ. जिना उतरताना उलटं वळून उतरणं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं तर गुडघा पूर्ण वाकायला हवा, आणि तो वाकणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलंय. हे शेवटचं त्याने वहिनींनाही तोवर सांगितलेलं नव्हतं. वहिनी तिथेच, शेजारच्या खुर्चीत होत्या.

तेव्हापासून मला कुणी विचारलं की अपघाताच्या दाव्यासाठी वकील कसा ओळखावा, तर मी हेच सांगतो. जो तुमच्याकडून आधी ऐकून घेतो त्याच्याकडे जा. जखम अजून भरतेय, तपासण्या व्हायच्यात, पुढे आणखी शस्त्रक्रिया लागेल की नाही हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही; अशा वेळी रक्कम सांगणारा माणूस तुमच्या दुखण्याकडे पाहतच नसतो. बाकीचे प्रश्नही विचारावेत, आणि ते विचारायला संकोच करू नये. अशाच प्रकारचे दावे हे वकील किती काळ चालवतात? कोर्टात ते स्वतः उभे राहणार की कनिष्ठ? फोन कोण उचलणार? समोरच्या विमा कंपनीचंच काम ते दुसरीकडे करतात का? हा शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण खऱ्या वकिलाला त्याचा राग येत नाही.

वकीलबाईंनी दादाला एक वही दिली आणि रोज दोन ओळी लिहायला सांगितल्या: काय दुखलं, काय करता आलं नाही, कुणाची मदत लागली. दादा रोज एकच शब्द लिहायचा, ‘ठीक’. पानंच्या पानं ‘ठीक’. त्याच्या पिढीच्या पुरुषांना दुखण्याची भाषाच कुणी शिकवलेली नाही. शेवटी वही वहिनींनी हातात घेतली. ‘आज चौथ्या पायरीवर थांबले. मोजे मी घातले. रात्री कूस बदलताना दोनदा ओरडले, सकाळी आठवत नव्हतं.’ पुढे साक्षीच्या वेळी हीच वही सगळ्यात उपयोगी पडली. काही वर्षांनी कोर्टात उभं राहून ‘तेव्हा फार त्रास व्हायचा’ असं म्हणणं वेगळं, आणि त्या त्या तारखेला लिहिलेली नोंद दाखवणं वेगळं. नोंद मात्र खरी हवी. बरं वाटलं त्या दिवशी बरं वाटलं असंच लिहायचं, हे वकीलबाईंनी बजावून सांगितलं होतं.

त्या वहीमुळे आणखी एक गोष्ट उघडी झाली. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी असते, आणि विमा कंपनीला हिशेब त्या टक्केवारीवरच थांबवायचा असतो. पायाचं अपंगत्व इतकं, म्हणून कमाईचं नुकसानही इतकंच. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात हे दोन्ही वेगळं करून दाखवलं. डावा हात गेला तर शारीरिक अपंगत्व साधारण ६० टक्के धरलं जाईल. तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाईची ताकद जवळजवळ १०० टक्के गेली. तोच माणूस सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित टिकेलही. जखम तीच, नुकसान वेगळं. म्हणून दादाच्या कामाचं वर्णन वकीलबाईंनी इतकं बारकाईने लिहून घेतलं की मला लिफ्टचा खड्डा डोळ्यासमोर दिसायला लागला: खोली किती, शिडी कुठे, किती वेळ उकिडवं बसावं लागतं. त्याच्या वरिष्ठांचा जबाब घेतला. टेबलावर बसून करायचं काम त्याला मिळू शकतं का आणि त्याचा पगार किती, याचाही शोध घेतला. एवढं करणारा वकील मिळाला तर कागदावरच्या टक्केवारीमागचा माणूस कोर्टाला दिसतो.

वहिनींच्या कष्टांचं काय, हा प्रश्न मी विचारला होता. घरातल्या माणसाने केलेली सेवा ही मोजायची गोष्ट आहे, हे आपल्या मनाला पटत नाही. पण बाहेरचा माणूस ठेवला असता तर पैसे लागले असतेच, आणि अनेक देशांतली कोर्टं घरच्यांनी केलेल्या शुश्रूषेची किंमत भरपाईत धरतात. त्याची दुसरी बाजू म्हणजे घर चालवणारी बाईच जखमी झाली किंवा गेली तर. २०२१ च्या जानेवारीत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात वेळेच्या वापराच्या सरकारी पाहणीचा आधार घेतला: घरकामात भाग घेणाऱ्या बाया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. पगार नाही म्हणजे काम नाही असं धरता येणार नाही, असं न्यायालयाने ठामपणे सांगितलं. तुमचा वकील ‘बाई घरीच असतात ना?’ असं विचारून पुढच्या रकान्याकडे वळला, तर त्याला तिथेच थांबवा.

आता घाईबद्दल. दादा अजून सलाइनवर होता तेव्हा एक सभ्य माणूस फळांची पिशवी घेऊन आला होता. त्याच्याकडे एक छापील कागद होता आणि थोडी रक्कम तो लगेच द्यायला तयार होता. कागदाच्या तळाशी, बारीक अक्षरात, याउपर कुठलीही मागणी उरलेली नाही असं लिहिलेलं होतं. वहिनींनी वाचून तो परत दिला. अशा कागदावर सही झाली की पुढे गुडघ्याची दुसरी शस्त्रक्रिया निघाली तरी दार बहुधा बंद झालेलं असतं. कोरा कागद, ध्वनिमुद्रित जबाब, ‘फक्त औपचारिकता’ म्हणून पुढे केलेला अर्ज, यांतलं काहीही वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नये.

दुसऱ्या दिशेनेही माणसं येतात. रुग्णालयाच्या आवारात घुटमळणारे, ‘आमचे साहेब बघतील’ म्हणणारे दलाल. भारतात वकिलांना जाहिरात करायला किंवा असं कामामागे फिरायला नियमाने बंदी आहे. अमेरिकेत १९७७ पासून वकिलांच्या जाहिरातींना मोकळीक आहे, पण तिथेही फ्लोरिडा राज्याने अपघातग्रस्तांना आणि त्यांच्या नातेवाइकांना पहिले ३० दिवस वकिलांनी पत्रं पाठवू नयेत असा नियम केला, आणि १९९५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो उचलून धरला. मला तो नियम फार माणुसकीचा वाटतो. मात्र त्या ३० दिवसांत घरच्यांनी स्वतः हलायला हवं, कारण पुरावा कुणासाठी थांबत नाही. दुकानांच्या आणि चौकातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जातं. गाडी दुरुस्त झाली की धडकेची खूण गेली. साक्षीदाराचा फोन बदलतो. गाडीचा क्रमांक, जागेचे फोटो, फाटलेले कपडे, फुटलेलं हेल्मेट, प्रत्येक औषधाची पावती, हे सगळं एका पेटीत पडलं पाहिजे. ज्या घरात कुणी एक माणूस हे शांतपणे करतो, त्या घराच्या वकिलाचं अर्धं काम झालेलं असतं.

मुदतीचंही तसंच. इंग्लंडमध्ये शरीराच्या दुखापतीच्या दाव्याला साधारण तीन वर्षं मिळतात. अमेरिकेत राज्य बदललं की मुदत बदलते. टेनेसीमध्ये एक वर्ष, मेनमध्ये सहा. भारतात मोटार अपघाताच्या अर्जाला २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मर्यादा घातली. ‘आधी बरे होऊ, मग बघू’ असं म्हणणाऱ्या माणसाचं मन मला कळतं, पण पहिल्या भेटीतला पहिला प्रश्न मुदतीचाच असावा, आणि वकिलाने त्याचं उत्तर तारीख लिहून द्यावं.

फीबद्दल बोलताना लोक सगळ्यात जास्त अवघडतात, आणि नंतर सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात. अमेरिकेत जिंकलो तरच फी, अशी पद्धत आहे. साधारण एक तृतीयांश, खटला कोर्टात उभा राहिला तर ४० टक्क्यांपर्यंतही. ज्याच्या खिशात काही नाही त्यालाही त्यामुळे वकील मिळतो, ही त्या पद्धतीची थोर बाजू. इंग्लंडमध्ये निकालातला वाटा घेऊन खटला लढवणं हा १९६७ पर्यंत चक्क गुन्हा होता. २०१३ पासून दुखापतीच्या दाव्यात वाटा घेता येतो, पण त्याला २५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे आणि पुढच्या आयुष्यातल्या शुश्रूषेसाठी व कमाईसाठी मिळालेल्या रकमेला हात लावता येत नाही. भारतात वकिलाने निकालाच्या रकमेत वाटा घेण्याला बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेच्या, नियमांनी मनाई आहे. जिथे मनाई आहे तिथे कुणी टक्केवारीची बोली लावली, तर त्या ऑफिसातून उठून यावं.

जिथे टक्केवारी चालते तिथेही एक गोष्ट आधी विचारायलाच हवी: वाटा खर्च वजा करण्याआधीचा की नंतरचा? समजा १०० मिळाले आणि डॉक्टरांच्या साक्षी, नकला, तज्ज्ञांचे अहवाल यांवर १० खर्च झाले. एक तृतीयांश वाटा १०० वर काढला तर जखमी माणसाच्या हातात साधारण ५७ उरतात, ९० वर काढला तर ६०. रक्कम मोठी असली की या फरकात वर्षभराची फिजिओथेरपी बसते. आणि हरलो तर झालेला खर्च कुणाचा? आमच्या वकीलबाईंनी फी टप्प्याटप्प्याने लिहून दिली, प्रत्येक वेळी पावती दिली, आणि भरपाई थेट दादाच्या बँक खात्यात येईल हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. त्या साध्या कागदाने आमच्या घरातली निम्मी भीती गेली.

आपली स्वतःची चूक असेल तर ती वकिलाला सांगायची का? दादाच्या मनाला हे फार लागलं होतं. वळणावर त्याचाही वेग थोडा जास्त होता असं त्याला वाटत होतं. १८०९ साली इंग्लंडमध्ये रस्त्यात आडव्या टाकलेल्या दांड्याला धडकून पडलेल्या घोडेस्वाराला, तो स्वतः जोरात येत होता म्हणून, काहीच मिळालं नव्हतं. तो कडक नियम १९४५ साली तिथे गेला. आता चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते. कपात किती, याचीही उदाहरणं ठरत गेली: सीटबेल्ट न लावलेल्या माणसाची भरपाई, बेल्टमुळे दुखापत पूर्ण टळली असती तर २५ टक्क्यांनी आणि बरीच हलकी झाली असती तर १५ टक्क्यांनी कमी करावी, असं १९७५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं. अमेरिकेतल्या मेरीलँड, व्हर्जिनिया अशा मोजक्या राज्यांत मात्र स्वतःची थोडीशी चूकही सगळा दावा बुडवू शकते. म्हणून वकिलाला खरं सांगायचं, आणि सगळ्यांत आधी सांगायचं. उलटतपासणीत समोरच्या वकिलाकडून ते पहिल्यांदा बाहेर आलं तर तुमची बाकीची सगळी खरी साक्षही डळमळते.

जुन्या आजारांचंही तेच. दादाच्या मानेला आधीपासून त्रास होता आणि तो लपवावा असं एका नातेवाइकाने सुचवलं. गरज नव्हती. जखमी माणूस जसा आहे तसाच चूक करणाऱ्याच्या पदरात पडतो, हे तत्त्व जुनं आहे. १९६२ च्या एका इंग्रजी खटल्यात कामगाराच्या ओठावर वितळलेल्या धातूचा थेंब उडाला. त्या जागी आधीच कर्करोगाकडे झुकलेल्या पेशी होत्या, भाजण्याने रोग जागा झाला आणि तो तीन वर्षांनी वारला. मालकाला त्या मृत्यूची भरपाई द्यावी लागली. दुबळ्या शरीराच्या माणसाला कायद्याने दिलेलं हे संरक्षण वाचलं तेव्हा मला खरोखर भरून आलं होतं.

विरुद्ध बाजूने दादाचा एक फोटो कोर्टात आणला. एका कौटुंबिक समारंभात तो खुर्चीत बसून हसत होता. कुणीतरी प्रेमाने समाजमाध्यमावर टाकलेला. बघा, माणूस मजेत आहे, असं त्यांचं म्हणणं. वहीतली त्याच तारखेची नोंद वकीलबाईंनी वाचून दाखवली: ‘अर्धा तास बसले, मग गोळी घ्यावी लागली, गाडीत आडवे होऊन घरी.’ जखमी माणसानेही हसावं, हसलंच पाहिजे. पण दावा चालू असताना फोटो जगापुढे टाकू नयेत, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावं.

वकिलाशिवाय हे सगळं होऊच शकत नाही का, असाही प्रश्न मला पडला. न्यूझीलंडने त्याचं एक धाडसी उत्तर दिलं आहे. १९६७ साली न्यायमूर्ती वुडहाउस यांच्या आयोगाने सुचवलं आणि १ एप्रिल १९७४ पासून तिथे अपघाताने जखमी झालेल्या प्रत्येकाला, चूक कुणाची हे न विचारता, सरकारी योजनेतून उपचार आणि कमाईच्या ८० टक्क्यांपर्यंत आधार मिळू लागला. त्या बदल्यात भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क लोकांनी सोडला. तिथल्या जखमी माणसाला लाज, दलाल, तारखा यांतून जावं लागत नाही. मला ती व्यवस्था मनापासून आवडते आणि आपल्याकडे तसं काही यावं असं वाटतं. तरी एक शंका राहते. चूक कुणाची हे कुणीच विचारलं नसतं, तर त्या कॉफीच्या ७०० तक्रारी फायलीतच राहिल्या असत्या.

दादाचा दावा शेवटी निकालाने सुटला, मिटवून नाही. मिटवण्याचा प्रस्ताव दोनदा आला होता. वकीलबाईंनी दोन्ही वेळा आपलं मत सांगितलं, कारणं सांगितली आणि निर्णय दादावर सोडला. असा निर्णय जखमी माणसाचाच असतो. प्रस्ताव आला हेच जो अशिलाला कळवत नाही, त्याच्या हाती आपलं प्रकरण ठेवू नये. दुसऱ्या वेळी दादाने नकार दिला तेव्हा त्याच्या आवाजात जुना संकोच नव्हता. रक्कम कमी आहे आणि का कमी आहे, हे त्याने स्वतः बोलून दाखवलं, लिफ्टच्या खड्ड्यासकट.

पैसे आल्यावर काय, याबद्दल मी फारसं कुठे वाचलं नव्हतं. एकरकमी पैसा घरात आला की त्याला वाटा फुटतात: कुणाचं कर्ज, कुणाचं लग्न, कुणाचा धंदा. कोर्टांनाही हे माहीत आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सुसम्मा थॉमस प्रकरणात भरपाईची रक्कम मुदत ठेवीत गुंतवून तिचं व्याज नियमित मिळावं यासाठी सूचना घालून दिल्या; अल्पवयीन मुलं, निरक्षर आणि विधवा यांचा त्यात खास विचार केला. इंग्लंडमध्ये २००५ पासून कोर्ट स्वतःहून हप्त्याहप्त्याने, जन्मभर रक्कम देण्याचा आदेश देऊ शकतं. आमच्या वकीलबाईंनी निकालानंतर दादा-वहिनींना पुन्हा एकदा बोलावलं, कागदांच्या मूळ प्रती यादीनुसार परत केल्या, आणि येत्या वर्षांत गुडघ्याला काय काय लागेल ते डॉक्टरांच्या जबाबातून वाचून दाखवलं. सांधा बदलण्याची वेळ येणार आहे, आणि बदललेला सांधाही जन्मभर पुरेलच असं नाही. दादाने त्या शस्त्रक्रियेची रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवली, वहिनींचं नाव आधी घातलं, आणि उसने मागायला आलेल्या पहिल्या माणसाला नाही म्हणाला.